पंधरा टक्क्यांचे मेहबूबभाई

आमच्या प्रयोगशाळेच्या दाराला एक पापड टांगलेला असायचा. घराला लिंबू-मिरची टांगतात ना, तसा. उडदाचा, भाजलेला, कडेला भोक पाडून दोऱ्यात ओवलेला. कॉलेजात नवा आलेला माणूस तो बघून थबकायचा, मग दारावरची ‘सौर ऊर्जा संशोधन’ ही पाटी वाचायचा, पुन्हा पापडाकडं बघायचा आणि काही न विचारता पुढं जायचा. मी विचारलं होतं. विचारल्याशिवाय मला राहवतच नाही, जन्मखोड आहे.

“मीटर हाय त्यो,” मेहबूबभाई म्हणाले आणि माझ्या चपलांकडं बोट दाखवलं. “ह्या भायेर.”

मेहबूबभाई म्हणजे धाराशिवच्या आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे प्रयोगशाळा परिचर. उंच, काटकुळे, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. लोक खिशाला पेन लावतात, यांच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर. मोजायची ती पोलादी पट्टी, मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणारी. शिक्षण विचारलं तर “नववी पास, धाव्वी नापास” असं एका दमात सांगायचे, जणू दोन पदव्याच आहेत. रोज तेरखेड्याहून एसटीनं यायचे आणि माझ्या आधी हजर असायचे. मी मात्र तेव्हा धाराशिवातच, कॉलेजपासून दहा मिनिटांवर खोली घेऊन राहत होते. त्यामुळं उशिराबद्दल मला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती.

मी जळकोटची. गायकवाड सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते आणि तासिकेवर शिकवतही होते. गायकवाड सर विभागप्रमुख, देवमाणूस, कुणालाही नाही म्हणता येत नसलेला. त्यामुळं प्रयोगशाळेत ‘नाही’ म्हणायचं सगळं काम मेहबूबभाईंकडं होतं, आणि ते त्यांनी फार आवडीनं केलं.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, घाबरू नका. छपरांवर दिसतात ती सोलर पॅनेलं सिलिकॉनची. त्याला मोठी भट्टी, मोठा कारखाना लागतो. पेरोव्स्काईट नावाच्या पदार्थाचं तसं नाही. त्याचं द्रावण काचेच्या तुकड्यावर टाकायचं, काच गरगर फिरवायची, मग गरम प्लेटवर तापवायची, की पातळ थर तयार. थर काळाभोर, चकचकीत आला तर उन्हात वीज देतो, त्या काचेला सेल म्हणायचं. पिवळा पडला तर गेला. आणि त्याला पिवळा पाडतो हवेतला ओलावा. त्यामुळं जगभर हे काम बंद पेटीत, आत कोरडा वायू भरून, रबरी हातमोज्यांत हात घालून करतात. आमच्याकडं ती पेटी नव्हती. आमच्याकडं धाराशिवची हवा होती आणि मेहबूबभाई होते.

“दुनिया पेटीत कोंडून कोरडी हवा करती,” भाई म्हणायचे. “आपल्याकडं मोकाट फिरती.” आपल्या जिल्ह्याला पाऊस कमी म्हणून सगळे हळहळतात, हा एकटा माणूस मार्च लागला की हात चोळत यायचा, सुगी आल्यासारखा.

शंभर भाग ऊन पडलं तर त्यातल्या किती भागाची वीज झाली, ती कार्यक्षमता. मी आले तेव्हा आमची गाडी नऊ टक्क्यांवर रुतून बसली होती.

आता पापडाचं. भिंतीवर ओलावा दाखवणारं एक यंत्र होतं, पण ते बारा महिने एकच आकडा दाखवायचं. बॅटऱ्या बदलल्या तरी तोच. भाईंचं तरुणपण तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यात कागदी नळ्या वळण्यात गेलं होतं. त्या धंद्यात दमट हवा म्हणजे माल बाद, म्हणून हवा ओळखायची सवय अंगात मुरलेली. एका मोसमात शेजारच्या शेडमध्ये काहीतरी घडलं. काय ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्या दिवशी हात धुतले आणि परत त्या वाटेला गेलो नाही. कॉलेजात शिपाई म्हणून लागले, मग परिचर झाले. त्यांच्या घरून डब्यातून भाजलेले पापड यायचे. सकाळी एक दाराला टांगायचा, अर्ध्या तासानं मोडायचा. कट्‌कन मोडला तर काम सुरू. वाकला, चिवट झाला, तर त्या दिवशी काचा धुवायच्या आणि गप्प बसायचं.

पहिल्याच आठवड्यात पापड वाकला आणि मी ऐकलं नाही. पीएचडी करणाऱ्या बाईनं पापडाचं ऐकायचं म्हणजे काय! बारा काचा केल्या. बाराच्या बारा दुपारपर्यंत हळद लागल्यासारख्या पिवळ्या. भाईंनी एक वही काढली, रेघा मारल्या आणि लिहिलं.

ती वही हा वेगळाच मामला होता. वाया गेलेल्या प्रत्येक काचेची तीत नोंद. एका रकान्यात नंबर, एका रकान्यात तारीख, एका रकान्यात कारण. मी मागं जाऊन वाचलं. कारण: पाऊस. कारण: पाऊस. कारण: लाईट गेली. कारण: शिंक. आणि खाली माझ्या बारा काचांसमोर एक मोठा कंस करून लिहिलेलं: कारण: मॅडमनी पापड मानला न्हाई.

ही वही विद्यापीठाच्या कुणी बघितली तर, असं मी म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि बघू द्या म्हणाले, खोटं कुठं हाय.

एकदा प्राचार्य पाहणीला आले. त्यांचा विषय इतिहास, आवाज सभेचा. काच फिरत असताना ते यंत्रावर ओणवे झाले आणि तरुणांनी विज्ञानाची कास धरली पाहिजे यावर चांगली दहा मिनिटं बोलले. भाईंचा नियम होता, यंत्रापासून हातभर अंतरात तोंड उघडायचं नाही, श्वासात पाणी असतं. आम्हाला ते तिथं साधं हूं म्हणू द्यायचे नाहीत. पण प्राचार्यांना कोण सांगणार. थर दुधाळ झाला. प्राचार्य गेले. भाईंनी वही काढली, शांतपणे लिहिलं: कारण: प्राचार्यांचं भाषण. सर म्हणाले, “भाई, अहो…” आणि पुढं त्यांना हसूच आवरेना.

आणखी एक गोष्ट होती, तिच्यावाचून आमचा नवाचा आकडा कधी हललाच नसता. काच फिरत असताना तिच्यावर वरून दुसऱ्या एका द्रवाचा थेंब सोडावा लागतो. नेमक्या क्षणी सोडला तर थर एकसारखा बसतो. एक सेकंद अलीकडं-पलीकडं झालं की डाग. मी स्टॉपवॉच लावून सोडायची आणि दहातल्या सहा काचा डागाळायच्या. भाई नुसतं ओठ हलवत उभे राहायचे आणि दहाच्या दहा आरशासारख्या. काय पुटपुटता विचारलं तर आधी सांगेनात. मग एके दिवशी हळूच म्हणाले, येडशी, येरमाळा, तेरखेडा. त्यांच्या घरच्या वाटेवरची गावं. एसटी जशी हलत-डुलत जाईल त्या चालीनं मनात म्हणायची, आणि तेरखेडा आलं की थेंब सोडायचा.

मला वाटलं, एवढंच ना. मी माझी वाट धरली. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, थेंब. काच डागाळली. पुन्हा केलं, पुन्हा डाग.

“तुमची गाडी एक्स्प्रेस हाय ताई,” ते म्हणाले. “हायवेची. आमची सगळ्या थांब्यावर थांबती.”

शेवटी पीएचडी करणारी मी, जळकोटची लेक, रोज मनातल्या मनात तेरखेड्याला जाऊन थेंब सोडायला लागले. नवाचे अकरा झाले, अकराचे साडेबारा झाले. सर वर्गातसुद्धा शिट्टी वाजवत जायचे.

पण ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतेय ती सुरू झाली पाहुण्यांमुळं. एका मोठ्या संस्थेतले एक तज्ज्ञ कामानिमित्त धाराशिवला आले होते. सरांनी त्यांना आग्रहानं प्रयोगशाळा दाखवायला आणलं. भाईंनी त्यांचे बूट बाहेर काढायला लावले, ते त्यांनी कसंबसं सोसलं. सर कपाटाची किल्ली आणायला गेले तेवढ्यात पाहुणे दारात एकटे उभे. भूक लागली होती की काय देव जाणे, त्यांनी टांगलेला पापड तोडला आणि खाल्ला.

भाई समोरून आले, रिकाम्या दोऱ्याकडं बघितलं, पाहुण्यांच्या मिशीवरच्या कणांकडं बघितलं.

“साहेब, तुमी आमचं मीटर खाल्लं,” ते म्हणाले. मग क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, “पन कुरकुरीत व्हतं ना?”

पाहुणे गोंधळून हो म्हणाले. “मग चला आत,” भाई म्हणाले, “आज काम हुतंय.”

पाहुणे चिडले होते हे उघड होतं. सगळं बघून जाताना म्हणाले की उघड्या हवेत केलेल्या सेलकडं कुणी ढुंकून बघत नाही, पंधरा टक्के दाखवा मग बोलू. ते गेले आणि सर खुर्चीत बसले ते उठेनात. तेव्हा भाई पुढं आले आणि म्हणाले की सर, एक मागायचं हाय.

मला वाटलं रजा मागतील. त्यांनी जे मागितलं ते ऐकून मी गप्प झाले, आणि मी गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नाही. ते म्हणाले, आयुष्यात माझं नाव दोनदा छापलं गेलं, एकदा लग्नाच्या पत्रिकेत आणि एकदा मतदारयादीत. पंधरा टक्के आले तर जो लेख तुम्ही छापणार त्याच्यात माझं नाव घालाल का. सर म्हणाले, आभारात घालणारच आहोत. भाईंनी मान हलवली.

“खाली आभारात न्हाय. वर. तुमच्या वळीत.”

सरांना तसंही नाही म्हणता येत नाही. पण त्या दिवशी त्यांनी उठून भाईंच्या हातात हात दिला आणि म्हणाले, पंधरा आले की तुमचं नाव माझ्या ओळीत. भाई पुढच्या मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते. म्हणजे त्यांच्या हातात तेवढाच वेळ होता.

त्यानंतर मेहबूबभाई काही वेगळंच प्रकरण झाले. घरून दोन-दोन पापड यायला लागले, एक दाराला आणि एक आतल्या खिडकीला. खिडक्यांच्या फटी त्यांनी पीठ लावून बुजवल्या, मग मुंग्या आल्या, मग पीठ काढून मेण लावलं. सरांना ते शिंकूसुद्धा देईनात. आणि दर सोमवारी सकाळी आक्काची तपासणी.

आक्का म्हणजे आमची एक जुनी सेल. नऊ टक्क्यांच्या काळातली, पण कशी कोण जाणे ती टिकली होती. भाईंनी तिला बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांच्या गादीवर ठेवलं होतं. आमच्याकडं सेल मोजायला एक दिवा आहे, सूर्यासारखा उजेड देणारा. दिवे म्हातारे होतात, कमीजास्त होतात, म्हणून ओळखीचं एक माणूस दर आठवड्याला त्याच्यापुढं उभं करायचं, असं भाईंचं म्हणणं. सोमवारी आक्काला डब्यातून काढायचे, दिव्याखाली ठेवायचे, “कशी हायेस आक्का” म्हणून विचारायचे आणि आकडा लिहून ठेवायचे. आक्का हळूहळू उतरत होती. नऊ पूर्णांक एक, मग नऊ, मग आठ पूर्णांक नऊ. म्हातारपण, दुसरं काय.

सेल मोजताना तिच्यावर एक काळी पत्र्याची पट्टी ठेवतात, तिला आम्ही मास्क म्हणतो. तिच्या मधोमध तीन मिलिमीटरचं चौकोनी भोक. त्या भोकातून जेवढं ऊन आत जाईल तेवढ्याचाच हिशेब करायचा. भोक किती मोठं आहे ते कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवलेलं, की झालं. पंधरा टक्क्यांच्या ईर्ष्येनं तेव्हा सगळेच भारावलेलो, त्या भोकाकडं कोण बघतो.

मार्चमध्ये मी चुलतबहिणीच्या लग्नाला चार दिवस जळकोटला गेले. जायच्या आधी द्रावणात थोडा बदल करून ठेवला होता, एक नवं मीठ, रसायनातलं, चिमूटभर जास्त. परत आले, शुक्रवारी काचा केल्या. पापड असा मोडला की पलीकडच्या केमिस्ट्रीत ऐकू गेला. तेरखेडा आलं, थेंब सुटला. संध्याकाळी मोजलं तर पंधरा पूर्णांक दोन. दुसरी पंधरा पूर्णांक एक. तिसरी पुन्हा पंधरा पूर्णांक दोन.

मी नाचले. खरंच नाचले, लपवत नाही. त्या चिमूटभर मिठाचं सगळं श्रेय मी बिनदिक्कत स्वतःकडं घेतलं. सरांनी डोळे पुसले. भाई मात्र फळ्यापाशी गेले, खडूनं आमच्या दोघांची नावं लिहिली आणि मधे स्वतःचं नाव लिहून थोडं लांब जाऊन बघत उभे राहिले. मग रुमालानं पुसून टाकलं.

शनिवारी पेढे आले. भाईंनीच आणले आणि त्यांनीच वाटले, प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत. लेख कधीचा तयार होता, फक्त आकड्याची जागा मोकळी ठेवलेली. सरांनी आकडा भरला, वर तीन नावं घातली आणि सोमवारी दुपारी पाठवायचा ठरवला.

सोमवारी सकाळी मी गेले तेव्हा दाराला पापड नव्हता. आत भाई दिव्यासमोर स्टुलावर बसलेले. आक्का दिव्याखाली, तिच्यावर मास्क. मी म्हणाले काय भाई, आज मीटर विसरलात. त्यांनी मला बसायला सांगितलं.

“आक्का धा झाली ताई. धा पूर्णांक एक.”

मी म्हणाले, वा, आक्काला पण नवं मीठ लागू पडलं वाटतं. मग माझी जीभ जागच्या जागी थांबली. आक्काला नवं मीठ लागणार कसं? ती दोन वर्षांपूर्वीची. गेल्या सोमवारी आठ पूर्णांक नऊवर होती. सेल जुनी होते, पिवळी पडते, मरते. कुठलीही सेल डब्यात पडल्यापडल्या तरणी होत नाही.

भाईंनी आक्कावरचा मास्क उचलला, खिशातलं व्हर्निअर काढलं आणि भोकात घालून माझ्यापुढं धरलं. तीन पूर्णांक दोन. दुसऱ्या बाजूनं, तीन पूर्णांक दोन.

मी जळकोटला होते तेव्हा त्यांनी मास्क साफ करायला घेतला होता. भोकाच्या कडा खरखरीत, दात आलेल्या. काचेला ओरखडे पडतात म्हणून त्यांनी बारीक कानस घेतली आणि चारी बाजूंनी भोक घासून गुळगुळीत केलं. फटाक्याची नळी असो की पत्र्याचं भोक, खरखरीत कड त्यांना बघवायची नाही. एवढंसं घासणं, पण भोक मोठं झालं, ऊन जास्त आत गेलं, आणि कॉम्प्युटर बापडा अजून तीनच धरून बसला होता. माझ्या नव्या मिठाचे पंधरा, माझा नाच, सगळं त्या कानशीचं काम होतं.

पुढं मी जे बोलले ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहिते. दाराकडं बघितलं, सर अजून आले नव्हते. मी हळूच म्हणाले, “कुणाला कळणार नाही, भाई.” लेख माझाही होता ना. पीएचडी माझी होती. आणि खरं सांगते, फळ्यावरचं ते पुसलेलं नाव माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्यांनी आक्काला उचलून डब्यात ठेवलं, वरून पुडी पांघरली, झाकण लावलं.

“आक्काला कळलंय की,” ते म्हणाले.

सर आल्यावर त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. एकही सबब सांगितली नाही. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, चला, परत मोजू. भोक तीन पूर्णांक दोनचं धरून मोजलं. तेरा पूर्णांक चार. सरांनी लेखातला आकडा खोडला आणि फाईल बंद केली. भाईंनी वही काढली. शुक्रवारच्या तिन्ही काचा वाया गेलेल्या नव्हत्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, तरी त्यांनी त्या लिहिल्या. मी मान लांब करून वाचलं. कारण: मेहबूब.

मग ते पेढ्यांच्या मागं निघाले. एकेका विभागात जाऊन, दारात उभं राहून सांगायचे, “पेढा ऱ्हाऊ द्या पोटात. बातमी तेवढी परत द्या.” लोक हसत होते. तेही हसवत होते. मराठी विभागातून तर त्यांना उलट चहा पाजून पाठवलं. प्राचार्य म्हणाले, अहो तेरा काय, पंधरा काय, आलंच की जवळपास. भाई त्यांना म्हणाले, साहेब, तुमच्या इतिहासात दोन वर्षं इकडंतिकडं झाली तर चालतंय का? प्राचार्यांनी तेव्हा आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं. ते म्हणाले, नाही.

एप्रिल आणि मे आम्ही तिघांनी जिवाचं रान केलं. नवा मास्क आणला, त्याचं भोक भाई रोज सकाळी पापडाच्या आधी मोजायचे, तीन वेळा. एकदा मोजलं की चूक, दोनदा मोजलं की शंका, तीनदा मोजलं की आकडा, हा त्यांचा नवा कायदा. ऊन असं की कोरडी हवा नाकात टोचायची, आणि भाई खूश. तेरा पूर्णांक चारचे तेरा पूर्णांक नऊ झाले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात चौदा पूर्णांक एक. तिथं गाडी थांबली. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः एक काच केली, ओठ हलवत, शांतपणे. चौदा. पंधरा काही आले नाहीत.

निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. सरांनी त्यांना नवंकोरं व्हर्निअर भेट दिलं, कारण जुनं कॉलेजच्या नोंदीत होतं. आम्ही नावाचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. जाताना वही आणि आक्काचा डबा माझ्याकडं दिला आणि सोमवार चुकवू नका म्हणाले. मला रडू फुटलं, तर म्हणाले, हातभर लांब व्हा ताई, काच फिरतीय.

त्या वहीनंच पुढचं सगळं केलं. पावसाळ्यात पापड रोजच वाकत होते, काम नव्हतं, म्हणून मी वही वाचायला घेतली. चारशेच्या वर काचा आणि प्रत्येकीचं कारण. कुठल्या महिन्यात किती बिघडल्या, कशानं बिघडल्या. बंद पेटीत काम करणाऱ्या कुणाकडंही असलं काही नव्हतं, कारण त्यांची काच शिंकेनं बिघडतच नाही. सर म्हणाले, लेख हाच आहे. पंधरा टक्क्यांचा नाही. उघड्या हवेत, बंद पेटीवाचून, चौदापर्यंत कसं जायचं आणि वाटेत काय काय मारतं, त्याचा. वहीतली कारणं आम्ही तक्त्यात घातली. ‘प्राचार्यांचं भाषण’ हे ‘उच्छ्वासातील आर्द्रता’ या सदरात गेलं. ‘मेहबूब’ हे ‘मापन-छिद्रातील त्रुटी’ या सदरात गेलं. लेख दोन ठिकाणांहून परत आला, तिसऱ्या ठिकाणी छापून आला.

छापील पानं घेऊन मी तेरखेड्याला गेले. येडशी, येरमाळा, सगळ्या थांब्यांवर थांबणाऱ्या गाडीनं. भाई अंगणात बाजेवर बसले होते. वर्षभरात बरेच खंगले होते, पण समोर दोरीवर एक पापड टांगलेला. सवय, म्हणाले, आता मीटरला काम न्हाय, नातवंडं खात्यात.

मी पानं त्यांच्या हातात दिली आणि बोट ठेवून दाखवलं. वर, पहिल्या ओळीत. माझं नाव, मेहबूब शेख, मग सरांचं नाव.

इंग्रजी अक्षरं त्यांनी एकेक करून लावली. मग कपाळाला आठी घालून माझ्याकडं वळले. पंधरा झाले का, विचारलं. मी म्हणाले, नाही, चौदाच. मग नाव कसं, म्हणाले, बोली पंधराची व्हती. आवाज चांगलाच चढला होता. मी म्हणाले, बोली आकड्याची होती, हा लेख वहीचा आहे. चारशे काचा तुम्ही लिहिल्या, तक्ता तुमचा, तुमचं नाव काढलं तर आम्ही दोघं चोर ठरू. सरांनी मला हेच सांगायला सांगितलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मग खिशातून सरांनी दिलेलं व्हर्निअर काढलं, पान मांडीवर सपाट केलं आणि स्वतःचं नाव मोजलं. तेवीस पूर्णांक चार मिलिमीटर. पुन्हा मोजलं, तेवीस पूर्णांक चार. तिसऱ्यांदा पट्टी कागदावर टेकवली आणि परत उचलली. त्यांनी व्हर्निअर माझ्या हातात दिलं.

“तीनदा मोजायचं असतंय. तुमी मोजा.”

मी मोजलं. तेवीस पूर्णांक चार.

“कुनी घासलेलं न्हाय ना?”

“नाही भाई,” मी म्हणाले. “आहे तेवढंच आहे.”

तेव्हा कुठं ते हसले. पान छातीशी धरून उठले, दोरीवरचा पापड काढला, कट्‌कन मोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं.